'जा' नसलेली विहीर

मला सूड घ्यायचा होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला मोठ्या मनाची समजायला नको. आठवणी लिहायला बसलं की पुष्कळ लोक सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मला ते जमलं नाही, आणि जमावं असं कधी वाटलंही नाही. ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे तो केव्हाच वारला. तरी त्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, असं माझी मुलगी म्हणते. चढू दे.

आमचं गाव नागपूरहून पारशिवनीकडे जाताना लागतं. मोटार सडकेवर सोडते, तिथून पुढे अर्धा तास पायी. गावात पाण्याच्या जागा दोन होत्या. एक आमच्या वस्तीतला कच्चा खड्डा. त्याला आम्ही कौतुकाने विहीर म्हणायचो, आणि तो चैत्रातच कोरडा पडायचा. मग आमच्या बायका नाल्याच्या रेतीत खड्डे उकरून झिरपलेलं पाणी वाटीवाटीने भरत. दुसरी विहीर दगडी बांधणीची, पायऱ्यांची, कधी न आटणारी. ती आमच्या शेवटच्या घरापासून वीस पावलांवर होती आणि गावापासून चांगली लांब. गावातल्या बायका हंडे घेऊन आमच्या उशाशी येत, पाणी भरत आणि आमच्याकडे न बघता परत जात. आमच्या घराला खेटून असलेली विहीर गावाची कशी, हा प्रश्न कोणाला पडत नसे. आम्हालाही पडत नसे.

तिचं नाव महाराजाची विहीर. नागपूरचे कोणी महाराज शिकारीला आले, तहानेने व्याकूळ झाले, मालगुजाराच्या खापरपणजोबाने त्यांना चांदीच्या तांब्यातून पाणी दिलं, महाराज खूश झाले आणि त्यांनी विहीर बांधून दिली, अशी गोष्ट होती. शाळेत ती दरवर्षी सांगत. घोड्याचा रंगसुद्धा ठरलेला होता, पांढरा. विहीरच नव्हती तर तांब्यात पाणी कुठून आलं, हे विचारायची सोय नव्हती.

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करायची वतनदारी, कायद्याने जाऊन वर्षं लोटली होती, पण गाव त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला मालकच म्हणे. मी सांगते त्या काळात तो चाळिशीचा होता. जमीन भरपूर, संत्र्याचा मोठा बगीचा, अंगात कायम जाकीट, बोलणं गोड. हा गोडपणा लक्षात ठेवायला हवा, कारण त्याने कधी कोणावर हात उचलल्याचं मी ऐकलं नाही. त्याला तशी गरजच पडत नसे.

साठचं दशक अर्धं सरलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्षाला होते आणि नागपूरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. धम्मदीक्षेच्या वेळी आईचं बोट धरून गर्दीत उभी होते, एवढं मला आठवतं. त्यानंतर आमच्या लोकांनी घरातले देव सोडले, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, आजोबांच्या वेळची कोतवालकी सोडली. विहीर मात्र होती तिथेच आणि होती तशीच राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले आणि एका दुपारी बादली आणि दोर घेऊन सरळ तिच्यावर गेले. मला तहान लागली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगते. घरात अर्धा माठ पाणी होतं. मला कोणाचं तरी नाक कापायचं होतं. एक बादली काढली, पायरीवर बसून सावकाश तोंड धुतलं, पाय धुतले आणि उरलेलं पाणी मिरवत घरी आणलं. मालकाच्या बगीच्यातल्या गड्याने हे सगळं पाहिलं.

आईने माझे कपडे पिशवीत कोंबले, मला सडकेपर्यंत जवळजवळ ओढत नेलं आणि दुपारच्या मोटारीत बसवलं. "मावशीकडे राहाय. मी सांगीन तवाच ये," एवढंच म्हणाली.

पुढचं मी पाहिलं नाही. महिन्याभराने शेजारच्या काकू नागपूरला आल्या तेव्हा त्यांच्याकडून कळलं. न पाहिलेलं असूनही माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात स्पष्ट तेच उभं राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने आईला बोलावलं. वडील तोवर वारले होते, त्यामुळे घरात जाब द्यायला तीच होती. विहिरीवर दोन मोटा जुंपलेल्या होत्या. बाटलेली विहीर पूर्ण उपसायची, आणि उपसून होईपर्यंत आईने काठावरच्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं, असा हुकूम झाला. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन ज्याने सोसलंय त्याला फरशी म्हणजे काय ते सांगायला नको. मालक झाडाखाली खाटेवर बसला होता. मध्येच हाक मारून विचारायचा, "काय झालं होतं वं?" आणि आईने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "चुकलं मालक." दिवस कलेपर्यंत हे चाललं. उपसलेलं पाणी पाटाने त्याच्याच संत्र्याच्या बगीच्यात जात होतं. ते पाणी माणसांना चालत नव्हतं, झाडांना चालत होतं, आणि त्या झाडांची संत्री पुढे नागपूरच्या बाजारात सगळ्या जगाला चालली. शेवटी गोमूत्र शिंपडलं आणि विहीर शुद्ध झाली.

आईच्या तळव्यांना फोड आले. दहा दिवस तिला कामाला जाता आलं नाही. मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, "पाय बरे आहेत," आणि तो विषय तिने कायमचा बंद केला.

मी बंद केला नाही. माझ्या एका बादलीच्या तोऱ्याची किंमत आईने भरली होती, आणि ती भरत असताना मी मावशीच्या घरी पंख्याखाली बसून आंबे खात होते. हा काटा आतून जात नव्हता. मी तेव्हाच ठरवलं की गावासमोर, आईच्या देखत, त्या माणसाच्या तोंडून चूक हा शब्द काढायचा. बाकी काही नको. त्याचं घर बुडावं, त्याला रोग व्हावा, असलं मी कधी मागितलं नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

मॅट्रिक झाले, लग्न झालं, आणि नागपूरच्या एका कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत कारकून म्हणून लागले. आईला मी शहरात घेऊन आले. त्या खोलीत लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे बस्ते छतापर्यंत रचलेले होते. बहुतेक मोडीत. मोडी वाचणारा एकच म्हातारा कारकून उरला होता आणि तो निवृत्तीला आला होता. साहेबाने विचारलं, कोण शिकणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. म्हातारा खवचट होता. "तुले कशाला पाह्यजे वं हे मेलेलं?" असं पहिल्या दिवशी म्हणाला. पण शिकवलं मनापासून. आधी ओळभर रेघ मारायची आणि मग लेखणी न उचलता अक्षरं तिच्याखाली टांगत जायची, ही मोडीची रीत. शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचे लाड नाहीत. अर्धं वाचन डोळ्यांनी आणि अर्धं अंदाजाने होतं, आणि जो अंदाजावर जास्त विसंबतो तो फसतो, हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं.

मला अक्षरं लागायला लागल्यावर मी काय शोधलं असेल हे सांगायला नको. विलायतेत राणी राज्य करत होती तेव्हा आमच्या भागात जमीन मोजून सारा ठरवण्याचा पहिला बंदोबस्त झाला. त्या वेळी एकेका गावाची मिसल तयार झाली, म्हणजे गावातलं जे जे मोजता येतं त्याची कागदपत्रं. आमच्या गावाची मिसल मला दुसऱ्या वर्षी सापडली. कोण कारकून घोड्यावरून किंवा पायी आला असेल देव जाणे, पण त्याने गाव घरोघर फिरून लिहिलं होतं. नांगर किती, आंब्याची झाडं कोणाची, मोहाची कोणाची, तेल्याचा घाणा कुठे, विणकराचं घर कोणतं. एका विधवेच्या दोन म्हशींचीसुद्धा त्याने नोंद घेतली होती. त्याला आमचं प्रेम नव्हतं आणि मालगुजाराची भीती नव्हती. जे दिसलं ते लिहायचं, एवढंच त्याचं काम होतं, आणि त्या कामाबद्दल मी त्याला आजही मनातल्या मनात दुवा देते.

पाण्याच्या सदरात गावची एक विहीर होती, वेशीजवळ. ती पुढे बुजली. आणि तिच्या खाली, एकाच ओळीत, सलग लिहिलं होतं: महाराची विहीर, पक्की.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हाताऱ्याला बोलावून वाचायला लावलं, काहीही न सांगता. त्याने चष्मा वर करून तेच वाचलं. पुढे जागा दिली होती, महारवाड्याला लागून. आमच्या पूर्वजांनी आपल्या हातांनी आपल्या वस्तीशी खणून बांधलेली विहीर.

त्यानंतरच्या बंदोबस्ताची मिसलही मी काढली. मध्ये एक पिढी गेली होती आणि एक मोठा दुष्काळ. शेऱ्याच्या रकान्यात कारकुनाने थोडक्यात लिहून ठेवलं होतं की गावची विहीर आटल्यामुळे मालगुजाराने महारांची विहीर उपसून, शुद्ध करून गावाच्या वापरात घेतली आणि महारांनी नाल्यावर पाणी भरावं असं ठरलं. मग शिकार आली, पांढरा घोडा आला, चांदीचा तांब्या आला. चोरीच्या मालाला नवीन नाव द्यावं लागतं. त्यासाठी त्यांना फार खटपट करावी लागली नाही. महाराची या शब्दात फक्त एक 'जा' घालावा लागला. जन्मभर गावाने आम्हाला जे एक अक्षर ऐकवलं तेच त्यांनी आमच्या विहिरीच्या पोटात घातलं होतं.

हे कळल्यावर मी लगेच गावात जाऊन बोंब ठोकायला हवी होती असं कोणाला वाटेल. कोणी ऐकलं असतं? मी बस्ता बांधून ठेवला आणि वाट बघितली. आठ वर्षं. सूड घेणाऱ्याला घाई करून चालत नाही, आणि सरकारी नोकरीत वाट बघण्याची सवय आपोआप होते.

आणि एक दिवस तो स्वतःच माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

केस पिकले होते, जाकीट तेच, बोलणं तसंच गोड. मी चष्मा लावत होते, सासरचं आडनाव लागलं होतं, खुर्चीवर होते. खुर्चीवरची बाई त्या वस्तीतली असेल हे त्याच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. तो गावाचा इतिहास लिहून राहिला होता. पुस्तक छापायचं, आणि विहिरीवर एक मोठा काळा दगड बसवायचा होता.

"पुरावा पाह्यजे बाई," तो म्हणाला. "आजकालचे पोट्टे काही मानत नाहीत. जुन्या कागदाची नक्कल भेटली तं काम होऊन जाईल."

मी त्याला बाकावर बसवलं. अर्ज लिहायला लावला. अर्जात गावाचं नाव चुकलं म्हणून दुसरा लिहायला लावला. गाव चुकलं नव्हतं, अक्षर जरा किरटं होतं. मग सांगितलं की बस्ता वरच्या फळीवर आहे, गुरुवारी या. गुरुवारी सांगितलं, सोमवारी या. सोमवारी त्याने दोन तास बाकावर काढले आणि मी माझा डबा सावकाश खाल्ला. हे फार हलकट होतं, मला कबूल आहे. तो डबा मला आजवरच्या सगळ्या जेवणांपेक्षा गोड लागला हेही कबूल आहे.

शेवटी मी पहिल्या बंदोबस्ताची मिसल त्याच्यासमोर उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. त्याने मोडीचा तक्ता कुठेतरी पाहिला होता, त्यामुळे आपल्याला थोडंफार येतं अशी त्याची समजूत होती. तो वाकून, बोट सरकवत वाचू लागला. "हे म. हे हा. हे रा. बराबर!" त्याचा चेहरा खुलला. "हे जा, हे ची. महाराजाची! पाहा, मी म्हणत होतो न बाई!" 'ची' ला त्याने जा केलं, पुढच्या 'वि' ला ची केलं, आणि मग विहिरीला एक अक्षर कमी पडलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही. कागदावर काय आहे ते त्याला घरूनच पाठ होतं.

मी विचारलं, "बालबोध, म्हणजे नेहमीच्या लिपीतली प्रत हवी का? त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. मी शब्दन् शब्द लिहून देईन."

"कायले? मले वाचता येते न."

"एकदा करून घ्या. दगडावर कोरायचं म्हणता."

"नाही नाही. जुन्या अक्षरातच पाह्यजे. तशीच्या तशी छाप घेऊन कोरतो. त्यालेच किंमत आहे."

तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या अर्जावर लिहून घेतलं की बालबोध प्रत नको, आणि खाली त्याची सही घेतली. मग अस्सल ओळीवरून हुबेहूब नक्कल करून, शिक्का मारून त्याच्या हातात दिली. त्यात एक काना इकडचा तिकडे नव्हता. मी त्याला फसवलं नाही. फक्त अडवलं नाही. त्याने माझे आभार मानले आणि दोन महिन्यांनी निमंत्रणपत्रिका पाठवली. कागद शोधून देणाऱ्या बाई म्हणून मला व्यासपीठावर खुर्ची होती.

आई यायला तयार नव्हती. "काहून जायचं तिथं?"

"एक दगड पाहायला."

"दगड काय पाहायचा वं?"

"चल तर," मी म्हटलं. तिला आधी काही सांगितलं नाही. माझी आई नाटकी नव्हती. आधी कळलं असतं तर ती आलीच नसती.

हिवाळ्याचे दिवस होते. विहिरीवर मांडव घातला होता, भोंगे बांधले होते, शाळेची मुलं रांगेत बसवली होती. आमची वस्ती मागच्या बाजूला उभी होती, सवयीने. तोवर गावात हातपंप आले होते आणि विहिरीचं पाणी कोणी फारसं पीत नव्हतं. पाण्याची गरज संपली होती, मान हवा होता. एक तरुण अधिकारी पाहुणा म्हणून आला होता. दुसरे पाहुणे म्हणजे गावातले निवृत्त गुरुजी, ज्यांनी वर्षानुवर्षं पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगितली होती. आई मला मांडवाच्या कडेला दिसत होती, पदर डोक्यावर घेऊन.

अधिकाऱ्याने पडदा ओढला. काळा कुळकुळीत दगड, त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत माझ्या नकलेतली ओळ, आणि तिच्या खाली बालबोधीत महाराजाची विहीर. कारागीर चांगला होता. मोडी अक्षरांचं वळणसुद्धा त्याने धरलं होतं.

मालकाने पंधरा मिनिटं भाषण केलं. त्यात घोडा आला. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ज्या बाईंनी हा पुरावा शोधून दिला त्याच आता ही जुनी लिपी वाचून दाखवतील.

मी दगडाजवळ गेले, मुलांकडे वळले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. "म. हा. रा. ची. वि. ही. र." थांबले. पुन्हा तसंच वाचलं. म्हटलं, "मुलांनो, महाराची विहीर. वरच्या ओळीत हे लिहिलंय. खालच्या ओळीत जे आहे ते वरच्या ओळीत नाही."

मालक हसत उठला. "बाईची गडबड झाली. महाराजाची आहे ते."

"मग 'जा' दाखवा," मी म्हटलं. "तुमचाच दगड आहे. त्यात 'जा' कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा."

त्याने बोट ठेवलं. मी म्हटलं, ती 'ची' आहे. त्याने पुढे ठेवलं. मी म्हटलं, तो 'वि' आहे. त्याचं बोट दगडावर इकडून तिकडे फिरत राहिलं. आता अधिकाऱ्यालाही रस वाटायला लागला होता. त्याने गुरुजींना विचारलं, "तुम्हाला मोडी येते का?"

गुरुजींना येत होती. त्या पिढीला येत असे. ते खुर्चीतून उठले, चष्मा पुसला आणि दगडाशी वाकले. फार वेळ वाकून राहिले. या माणसाने आयुष्यभर मालकाच्या घरचा चहा प्यायला होता. मला वाटलं, आता हा मालकाच्याच बाजूने बोलणार. ते सरळ झाले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "यात 'जा' नाही."

मग मी पिशवीतून दुसऱ्या मिसलीची नक्कल काढली, बालबोधीत, शिक्क्याची, आणि दुष्काळाचा शेरा वाचला. विहीर कोणाची होती, कोणी घेतली, कशी घेतली. आमच्या वस्तीतली माणसं मागून पुढे आली होती. अधिकारी मालकाकडे वळून म्हणाला, "अहो, हे काय आहे?"

मालकाने रुमालाने तोंड पुसलं. मायक्रोफोन त्याच्याच समोर होता. "वाचण्यात चूक झाली," तो म्हणाला. "थोडी चूक झाली."

भोंग्यांतून ते शब्द साऱ्या गावावरून गेले. चूक झाली. मी बारा-तेरा वर्षं ज्यासाठी थांबले होते ते मिळालं होतं. मी आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती चालत पुढे येत होती. मुलांच्या रांगांमधून, सावकाश, पदर सावरत ती दगडाजवळ आली आणि मालकासमोर उभी राहिली.

"तुमची चूक वाचण्यात झाली म्हणता," ती म्हणाली. "माही कायच्यात झाली होती, मालक?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, आणि हे सोंग नव्हतं, कारण सोंग घेणाऱ्याने जो प्रश्न कधीच विचारला नसता तो त्याने विचारला.

"तू कोन्या सालची वं?"

मायक्रोफोन चालू होता. क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यालाही कळलं. आईला साल सांगता आलं नसतं, ती शिकलेली नव्हती. ती म्हणाली, "माह्या सासूले तुमच्या बापानं उभं केलं. मले तुम्ही. मधातल्या तुमालेच ठाऊक."

माझ्या आजीचं मला ठाऊक नव्हतं. मागून आमच्या वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, "मी हाओ न त्याच्यातली," आणि तिच्या सुनेने वळून तिच्याकडे पाहिलं. महार की महाराज हे ठरवण्यासाठी गुरुजींची साक्ष लागली होती. मालकाच्या प्रश्नाने जे कबूल केलं त्याला कोणाची साक्ष लागली नाही.

समारंभ तिथेच मोडला. मालक निघून गेला. त्याचा इतिहास कधी छापला गेला नाही. दगडाचं पुढे काय झालं, तर आठवड्याभरात कोणीतरी खालची ओळ छिन्नीने उडवली. वरची कोणाला वाचता येत नव्हती म्हणून ती राहिली, असं आमची काकू सांगायची. मला काही वाईट वाटलं नाही. मला त्याची कीव आली का, असं माझ्या मुलीने एकदा विचारलं. नाही आली. त्याची जिरली याचा आनंद मला त्या दिवशी झाला आणि आज लिहितानाही होतोय.

संध्याकाळी आम्ही दोघी सडकेवर मोटारीची वाट बघत बसलो होतो. मला राहवेना. तेरा वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं, की माझ्यामुळे तुला उभं राहावं लागलं, मला तहानही नव्हती, मी नुसती ऐट केली आणि तू भोगलंस.

आई धुरोळ्याच्या सडकेकडे बघत म्हणाली, "तू बादली घेऊन चालली होती तवा मी दारातच बसली होती."

"मग?"

"मले दिसलं न कुठी चालली ते. आवाज देला असता तं तू थांबली असती."

"काहून नाही दिला?"

मोटार येताना दिसत होती. ती उठली, लुगडं झटकलं.

"देला नाही," ती म्हणाली. "सासूले उभं केलं तवापासून माह्या मनात होतं."